शिकवायला बाई कुठून आणायची?

लंका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभी राहते ती रामायणातली सोन्याची लंका. अशोकवनात बसलेली सीता आणि पेटलेले शेपूट घेऊन घराघरांवरून उड्या मारणारा मारुती. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र तिच्या शेजारी दुसरीही एक लंका आहे, ती रेडिओ सिलोनची. बुधवारची रात्र झाली की आळीतल्या सगळ्या रेडिओंतून एकच आवाज कसा यायचा, हे आई अजूनही रंगवून सांगते. या दोन लंकांच्या मध्ये तिसरीही एक आहे. तिथे आपल्यासारख्याच आया, आपल्यासारख्याच मुली, आणि पोरींना शाळेत घालावे की घालू नये ही आपल्यासारखीच काळजी. तिथल्याच एका शाळेची हकीगत आज सांगणार आहे.

तत्पूर्वी आईविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण तिच्यामुळेच मी या हकीगतीच्या मागे लागले. आईची शाळा चौथीनंतर सुटली. पैसा नव्हता असे नाही, आजोबांना शिक्षणाचे वावडे होते असेही नाही. आमच्या कोकणातल्या त्या गावी पाचवीपासून पुढे सगळे मास्तरच होते. आजोबा म्हणाले, “शिकवायला बाई आली की पाठवीन.” बाई काही आली नाही. आई घरी राहिली, तांदूळ निवडायला शिकली, आणि पुढे तिची मुलगी म्हणजे मी मास्तरीण झाले. तेव्हा ज्या शाळेचा सगळा इतिहासच ‘शिकवायला बाई कुठून आणायची’ या एका प्रश्नाभोवती फिरला, ती मला जवळची वाटली तर वाचकांनी नवल मानू नये.

ही शाळा कोलंबोची. कोलंबो त्या बेटाची राजधानी झाली ती परक्यांच्या हातून. आधी पोर्तुगीज आले, १६५६ साली डचांनी त्यांच्याकडून शहर घेतले, १७९६ साली इंग्रजांनी डचांकडून. १८१५ साली कँडीचे राज्यही बुडाले आणि सबंध बेटाचा कारभार कोलंबोहून चालू लागला. कागदोपत्री राजधानीचा मान १९८२ पासून शेजारच्या श्री जयवर्धनपुर कोट्टेकडे गेला आहे. पण व्यापारउदीम, कचेऱ्या, शाळा, सगळी वर्दळ अजून कोलंबोचीच.

शाळांचे म्हणाल तर त्या मिशनऱ्यांनी काढल्या. मुलींना शिकवण्याचे काम त्यांनी फार लवकर हाती घेतले, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. जाफन्याजवळ उडुविल येथे अमेरिकन मिशनने मुलींची निवासी शाळा १८२४ साली सुरू केली. आपल्याकडे सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींना शिकवायला घेतले ते १८४८ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. मात्र मिशनच्या शाळेत बायबलही आले आणि प्रार्थनाही आली. घरी बुद्धाला फुले वाहणारे मूल शाळेत जाऊन येशूची गाणी म्हणू लागे. नावे तर पोर्तुगीजांच्या वेळेपासूनच पेरेरा, सिल्वा, फर्नांडो अशी झालेली. पुढे अनागारिक धर्मपाल म्हणून प्रसिद्धीस आलेले थोर बौद्ध पुरुष जन्माने डॉन डेव्हिड हेवावितारणे होते आणि त्यांचे शिक्षणही ख्रिस्ती शाळांतच झाले. यात मिशनऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याने शाळा काढली त्याने आपला धर्म शिकवला. आपली शाळा हवी तर ती आपणच काढायला हवी, हे कळायला लोकांना वेळ लागला इतकेच.

ते कळण्याची सुरुवात पानदुरे गावी झाली. १८७३ साली तिथे मोहोट्टीवत्ते गुणानंद नावाच्या भिक्षूने पाद्र्यांशी जाहीर वाद केला आणि बौद्धांच्या मते तो जिंकला. त्या वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेपर्यंत पोचला आणि कर्नल ऑल्कॉट या गृहस्थांच्या वाचनात आला. यादवी युद्धात कर्नल झालेला, नंतर वकिली केलेला हा मनुष्य मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांच्यासह १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरला. गिरगावात त्यांनी बिऱ्हाड केले, ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक काढले आणि मुंबईकरांना व्याख्याने दिली. लंकेतल्या बौद्ध शाळांची चळवळ गिरगावातल्या या बिऱ्हाडातून पुढे गेली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. १८८० च्या मे महिन्यात ही मंडळी मुंबईहून बोटीने निघाली आणि गॉल बंदरात उतरून त्यांनी पंचशील घेतले. गोऱ्या साहेबाने गुडघे टेकून बुद्धाला शरण जावे, ही त्या काळी केवढी अपूर्वाई! लोक लोटले. कोलंबोत बौद्ध थिऑसॉफिकल सोसायटी निघाली आणि १८८६ साली मुलांसाठी इंग्रजी शाळा सुरू झाली. तीच पुढचे आनंद कॉलेज.

मुलांची सोय झाली. आता मुलींचे काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलींची शाळा हवी असे म्हणणाऱ्या पुष्कळ पुरुषांच्या मनात मुलींचा विचार दुसरा होता, पहिला होता जावयांचा. आपली शिकलेली मुले मिशनच्या शाळेत शिकलेल्या मुलींशी लग्ने करतील, मग घरात देव्हारा कुणाचा राहील, ही धास्ती. शिकलेल्या बौद्ध मुलाला शिकलेली बौद्ध बायको हवी, म्हणून शाळा हवी. आपल्याकडच्या सुधारकांच्या घरांतूनही हेच ऐकू यायचे. कारण कसले का असेना, दार उघडले याचे समाधान मानावे, असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. दार कशासाठी उघडले यावर आत काय शिकवायचे ते ठरते, हे वर्गात उभे राहिल्यावर कळते.

बायकांचे मात्र स्वतःचे म्हणून काही होते. थिऑसॉफिस्टांच्या कामाला पैसा देणाऱ्यांत लंकेच्या बायका सुरुवातीपासून पुढे होत्या. ऑल्कॉट यांनी बौद्ध मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तरी १८८१ साली छापली गेली, तिचा खर्च मातरच्या सेसिलिया इलंगकोन या बाईंनी सोसला. त्यानंतर १८८९ च्या सुमारास कोलंबोच्या बायकांनी स्त्रीशिक्षणासाठी आपली वेगळी संस्था काढली. अध्यक्षा होत्या मिसेस वीरकोन. वर्गण्या जमल्या, मरदाने भागात टिचबोर्न प्लेसवर जागा मिळाली आणि १८९० साली शाळा उघडली. शाळेला नाव दिले संघमित्ता.

हे नाव उगीच सुचलेले नव्हे. महावंसातली कथा अशी आहे. अशोकाचा मुलगा महिंद लंकेत आला आणि राजा देवानंपियतिस्स बुद्धाचा उपासक झाला. मग राजघराण्यातली अनुला आपल्या सख्यांसह महिंदापुढे आली आणि म्हणाली, आम्हालाही दीक्षा द्या. महिंद म्हणाला, बायकांना दीक्षा देणे मला शक्य नाही, त्यासाठी भिक्षुणीच हवी. माझी बहीण पाटलिपुत्रात आहे, तिला बोलवा. म्हणून संघमित्ता, आपली संघमित्रा, समुद्र ओलांडून आली, आणि येताना बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली. अनुराधपुरात तो वृक्ष आजही आहे. त्या फांदीची पूजा सारे करतात. परंतु संघमित्रा मुळात आली कशासाठी? बायकांना शिकवायला बाई हवी होती म्हणून. तिने घालून दिलेली भिक्षुणींची परंपरा पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास लढायांच्या धामधुमीत तुटली, आणि बेटावर भिक्षू राहिले, भिक्षुणी उरल्या नाहीत.

दोन हजारांहून अधिक वर्षांनी टिचबोर्न प्लेसवरच्या बायकांपुढे अनुलेचाच प्रश्न उभा राहिला. इमारत आहे, मुली आहेत, पैसे आहेत. शाळा चालवायला बाई नाही. इंग्रजी शिकलेल्या बायका सगळ्या मिशनच्या. पुरुष हेडमास्तर नेमावा तर मुली येणार नाहीत. माझ्या आजोबांसारखे बाप तिथेही होते. ज्योतिबांनी आधी आपल्या पत्नीला शिकवले आणि मग शाळा काढली, यातला शहाणपणा अशा वेळी ध्यानात येतो. कोलंबोत तसे कुणी केले नव्हते. तेव्हा ऑल्कॉट यांनी परदेशातल्या थिऑसॉफिस्ट मंडळींना हाक घातली.

ती हाक प्रथम मेलबर्नला ऐकू गेली. तिथल्या एका थिऑसॉफिस्ट आईची मुलगी, मिस केट पिकेट, यायला तयार झाली. १८९१ च्या जूनमध्ये ती कोलंबोत उतरली, शाळा तिच्या हाती आली, आणि दोनतीन आठवडे होतात न होतात तोच ती विहिरीत बुडून मेलेली सापडली. परक्या देशात, ओळखीचे माणूस नाही, भाषा येत नाही, अंगाला झोंबणारा पावसाळा, आणि शेवटी ही विहीर. इतिहासाच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येते. शाळेला तिचा उपयोग झाला नाही, आणि संस्थांचे इतिहास उपयोगी पडलेल्यांचेच लिहिले जातात.

त्या बायकांनी त्या वेळी हाय खाल्ली असती तर त्यांना कोण दोष देणार? परंतु शाळा बंद झाली नाही. दुसरी बाई शोधण्याचे ठरले.

ही दुसरी बाई म्हणजे मेरी म्युझियस हिगिन्स. जन्म १८५५ चा, जर्मनीत बाल्टिक समुद्रावरच्या विस्मार या बंदरात. शिक्षकाचा पेशा पत्करला, मग अमेरिकेस गेली. तिथे हिगिन्स नावाच्या थिऑसॉफिस्टाशी लग्न झाले आणि थोड्याच वर्षांत वैधव्य आले. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या थिऑसॉफिस्टांच्या मासिकात तिने लंकेतली मागणी वाचली आणि पत्र धाडले. प्रवासाच्या भाड्याची जुळवाजुळव कोलंबोच्या पीटर द अब्रू या तरुण व्यापाऱ्याने केली. १८९१ च्या नोव्हेंबरमध्ये ती आली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. आपल्याकडे त्या काळात छत्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या बाईचे काय होत असे, ते मी सांगायला नको. ही बाई अर्धे जग ओलांडून हेडमास्तरीण व्हायला आली.

आता गोड शेवट व्हायला हरकत नव्हती. परंतु खऱ्या संस्थांचे असे होत नसते. दोनएक वर्षांतच बायकांची संस्था आणि हिगिन्सबाई यांचे बिनसले. पैसा कुणाच्या हाती, शाळा कुणाच्या शब्दाने चालायची, अशा प्रश्नांवर जगातली निम्मी शिक्षणमंडळे फुटतात. मलाही शाळेतल्या अशा दोन भांडणांचा अनुभव आहे आणि दोन्ही वेळी दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या होत्या. इथेही तसेच वाटते. ज्या बायकांनी दारोदार फिरून शाळा उभी केली, त्यांना परक्या बाईने आपल्याला विचारल्यावाचून काही ठरवावे हे कसे रुचावे? आणि जिने चार समुद्र ओलांडले तिने समितीच्या तोंडाकडे किती दिवस पाहावे?

हिगिन्सबाई बाहेर पडली. तिच्याबरोबर बारा मुली गेल्या. सिनॅमन गार्डन्स भागात, म्हणजे एके काळच्या दालचिनीच्या बागांत, रोजमीड प्लेस या रस्त्यावर द अब्रू कुटुंबाच्या जागेत एक मोठी खोली उभी राहिली. भिंती मातीच्या आणि छप्पर माडाच्या झापांचे. आमच्याकडे मांगर असतो ना, तसाच. दिवसा तिथे वर्ग भरायचे, तिथेच जेवण, आणि रात्री तिथेच अंथरुणे पडायची. माडाची झापे पावसाळ्यात गळतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, आणि कोलंबोचा पाऊस आपल्याहून काही मवाळ नाही. तो वर्षातून दोनदा येतो.

त्या मांगरातून म्युझियस कॉलेज निघाले. मात्र शाळा आपले वय बाई लंकेत उतरल्या त्या दिवसापासून, म्हणजे १८९१ पासून मोजते. पुढे विल्टन हॅक नावाचा ऑस्ट्रेलियातला थिऑसॉफिस्ट आला, त्याने ती मातीची खोली पाहिली आणि पैसे दिले. विटांची इमारत झाली, विश्वस्त नेमले गेले. पीटर द अब्रूंनी तर जन्म तिथेच वाहिला. १९४० साली ते वारले तोवर शाळेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. आधीच्या संघमित्ता शाळेचा धागाही एकदम तुटला नाही. १८९७ साली धर्मपाल अमेरिकेतून काउंटेस कॅनव्हारो नावाच्या बाईला घेऊन आले. न्यूयॉर्कमध्ये तिने बौद्ध दीक्षा घेतली होती. तिने संघमित्ता याच नावाने शाळा आणि बायकांचा आश्रम चालवून पाहिला. दोनतीन वर्षांत तीही परत गेली. पाहुणी बाई येते आणि जाते.

आणि म्हणून माझ्या मते म्युझियसच्या इतिहासातले सर्वांत मोठे साल १८९१ नव्हे, विटांची इमारत झाली तेही नव्हे. ते १९०८ आहे. त्या साली हिगिन्सबाईंनी शाळेला जोडून बौद्ध शिक्षिकांसाठी अध्यापनवर्ग काढला. सतरा वर्षे लंकेत काढल्यावर बाईंना उमगले असावे की, आपल्यानंतरही जाहिरातच द्यावी लागली तर हे सारे फुकट. इथल्याच मुलींनी शिकवायला शिकले पाहिजे. त्या वर्गातून तयार झालेल्या बाया गावोगावच्या बौद्ध शाळांत गेल्या. त्यांचा गौरव कुणी केला नाही. एखाद्या खेड्यात आपली पेटी घेऊन उतरलेली, विशीतली, डोक्यावर छत्री धरलेली ती मास्तरीण माझ्या डोळ्यांपुढे येते, आणि कुठल्या तरी आजोबांना आता सबब उरली नाही या विचाराने मला, काय सांगू, फार बरे वाटते.

हिगिन्सबाईंनी स्वतः पुस्तकेही लिहिली. लंकेच्या इतिहासातल्या गोष्टी, जातककथा. मौज अशी की जर्मन बाईने सिंहली मुलींना त्यांच्याच देशाचा इतिहास सांगितला आणि तो इंग्रजीत. यावर हसू येते, परंतु आपण तरी अजिंठा कुणाच्या पुस्तकांतून ओळखला? १९२६ च्या जुलैत बाई गेल्या. पस्तीस वर्षांत त्या लंकेच्याच झाल्या होत्या.

कोलंबोच्या बायकांनी मात्र आपला हट्ट सोडला नव्हता. १९१७ साली पानदुऱ्याच्या सेलेस्टिना डायस या धनाढ्य विधवेने पैसा ओतून दुसरे बौद्ध कन्याविद्यालय उभे केले. तेच आजचे विशाखा विद्यालय. या खेपेस पैसा लंकेच्या बाईचा, नाव बुद्धाच्या उपासिकेचे. पण पहिली मुख्याध्यापिका? पुन्हा परदेशी! पुढे तिथे क्लारा मोटवानी आल्या, त्या जन्माने अमेरिकन, पती आपल्याकडचे सिंधी. या बाईंनी म्युझियसचेही काम पाहिले. त्यांच्यामागून १९४५ साली विशाखाच्या मुख्याध्यापिका झाल्या सुसान पुलिमूड, केरळच्या, वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, आणि धर्माने ख्रिस्ती. बायबल नको म्हणून निघालेल्या चळवळीची शाळा वीसबावीस वर्षे एका ख्रिस्ती बाईने चालवली, मुली पंचशील म्हणत राहिल्या आणि कुणाचे काही बिघडले नाही. मला या साऱ्या हकीगतीतला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

१९३१ साली लंकेतल्या बायकांना पुरुषांबरोबर मताचा अधिकार मिळाला. १९६० च्या जुलैत सिरिमाओ बंडारनायके पंतप्रधान झाल्या, आणि कुठल्याही देशाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान ठरल्या. त्यांचे पती सॉलोमन बंडारनायके यांच्यावर आदल्या वर्षी २५ सप्टेंबरला गोळ्या झाडल्या गेल्या त्या राहत्या घरी, आणि ते घर होते रोजमीड प्लेसवर, म्युझियसच्याच रस्त्याला. सिरिमाओबाई निष्ठावंत बौद्ध घराण्यातल्या, तरी त्यांचे शिक्षण झाले ते कोलंबोच्या सेंट ब्रिजेट्स या कॅथलिक कॉन्व्हेंटात. म्हणजे एवढी खटपट होऊनही मोठ्या घरच्या मुली कॉन्व्हेंटातच जात होत्या. आपल्या शाळा काढल्या म्हणून आपली माणसे तिथे येतात असे नाही. आमच्या गावच्या मराठी शाळेचा पट पाहिला तर हे कुणालाही पटेल.

याच सिरिमाओबाईंच्या सरकारने १९६०-६१ साली अनुदानित शाळा सरकारजमा केल्या. म्युझियस मात्र खाजगीच राहिली आणि आजही आहे. रोजमीड प्लेसवर सकाळी पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रीघ लागते. आता त्या बारा नसून हजारांनी आहेत.

हे सारे मी गेल्या पावसाळ्यात आईला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत ऐकत होती. संघमित्रा झाली, बोधीची फांदी झाली, पंतप्रधानबाईही झाल्या. माझे संपल्यावर तिने सूप बाजूला ठेवले आणि म्हणाली, “त्या विहिरीला कठडा नव्हता का ग?”